दहा दिवसांत अख्खा माँ ब्लाँ?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही चौघं पन्नाशीतले, दर रविवारी सिंहगड, वर्षातून एकदा कात्रज-सिंहगड पण होतो. आता आल्प्समधला टूर दु माँ ब्लाँ, म्हणजे माँ ब्लाँ पर्वताभोवतीच्या फेरीचा ट्रेक, करायचाय. सुट्टी दहाच दिवस, येणंजाणं धरून. जूनच्या पहिल्या आठवड्यात जावं म्हणतोय, विमानाची तिकिटं काढून टाकू का? दोघं शुद्ध शाकाहारी आहेत.

उत्तर: तिकिटं अजिबात काढू नका, आधी मुक्काम बघा! या ट्रेकमध्ये खरी मारामारी रिफ्यूजच्या, म्हणजे डोंगरातल्या मुक्कामाच्या घरांच्या बेड्ससाठी असते, आणि व्हिसाच्या अर्जालाही तीच बुकिंग्ज लागतात. दुसरं म्हणजे जूनची सुरुवात नकोच, बरीचशी रिफ्यूज जूनच्या मध्यावर उघडतात आणि कोल द ला सेन्यसारख्या 2,500 मीटरच्या खिंडींत तेव्हा बर्फ असतो. जुलैचा दुसरा पंधरवडा किंवा सप्टेंबरची सुरुवात बघा.

आता दहा दिवसांचं. पूर्ण फेरी साधारण 170 किमी, फ्रान्स-इटली-स्वित्झर्लंड मिळून, चढच सगळा मिळून 10,000 मीटरच्या आसपास, लोक दहा-अकरा दिवस नुसते चालतात. तुमचा स्टॅमिना चांगला असणार त्यात वाद नाही, पण कात्रज-सिंहगड झाला की दुसऱ्या दिवशी आपण सोफ्यावर असतो, इथे दुसऱ्या दिवशी परत हजार मीटर चढायचं असतं आणि उतरताना गुडघे जे बोलतात ते वेगळंच. म्हणून माझं ऐका, फ्रान्समधल्या शामोनीजवळच्या ले झूशपासून इटलीतल्या कूर्मायरपर्यंतच करा, चार दिवस, वाटेत एक दिवस जादाचा ठेवा, मग माँ ब्लाँच्या बोगद्यातून बसने परत शामोनी. यात फ्रान्सचं जंगल, कोल द्यू बोनोमची खिंड आणि इटलीतली व्हाल वेनी दरी सगळं येतं. अर्धवट वगैरे काही नाही हो, कितीतरी लोक असंच करतात.

शाकाहाराचं बुकिंग करतानाच लिहून कळवा, आणि अंडं चालत नसेल तर तेही स्पष्ट लिहा कारण तिकडे व्हेज म्हटलं की ऑम्लेट येऊ शकतं. रात्रीचं जेवण सगळ्यांना एकाच वेळी, साधारण सातला, उशिरा पोचलात तर पंचाईत. बूट दाराशीच काढायचे, आणि ब्लँकेट तिथे असतं पण आत घालायचा स्लीपिंग बॅग लायनर (पातळ चादरीची पिशवी) आपला न्यायचा. इन्शुरन्समध्ये डोंगरातला रेस्क्यू कव्हर आहे ना हे बारीक अक्षरांत वाचून घ्या, नुसती व्हिसापुरती पॉलिसी घेऊ नका. ट्रेकिंग पोल्स चेक-इन बॅगेत टाका, केबिनमध्ये अडवतात.