बेटांवरचे बाजार आणि सण: तुमच्या प्रश्नांची उत्तरं

सुट्ट्या जवळ आल्या की अंदमान आणि बालीबद्दल तेच ते प्रश्न येतात. त्यातले निम्मे 'एजंट म्हणाला', 'दुकानदार म्हणाला' अशा ऐकीव माहितीवरचे असतात. म्हणून इथे एकत्रच उत्तरं.

बालीतल्या सुकावतीच्या बाजारात भाव करायचा का? (शाहूपुरी)

करायचा, पण हसतमुखानं. दहा हजार रुपिया ऐकायला मोठी रक्कम वाटते, पण आपले ते पन्नास-साठ रुपयेच. तेवढ्यासाठी कारागिराशी ताणू नका.

एजंटनं पाडव्याच्या सुमाराची बालीची तिकिटं काढलीत. तेव्हा तिथं मोठा सण असतो म्हणे. (इचलकरंजी)

सण आहे, पण मौनाचा. बालीतही शकाची कालगणना चालते आणि तिथलं नववर्ष, म्हणजे न्येपी, आपल्या पाडव्याच्या आसपास येतं. 2026 मध्ये तर दोन्ही 19 मार्चलाच. त्या दिवशी सकाळी 6 पासून 24 तास विमानतळ बंद, दुकानं बंद, आणि पाहुण्यांनीही हॉटेलच्या आवाराबाहेर पडायचं नाही. बघण्यासारखी असते ती आदली संध्याकाळ. बांबूच्या सांगाड्यावर उभारलेले राक्षसी पुतळे, ओगो-ओगो, वस्तीतली पोरं खांद्यावर नाचवत नेतात. तिकीट पक्कं करण्याआधी तारीख एजंटला नाही, हॉटेलला विचारा. गालुंगान या तिथल्या दुसऱ्या सणाचंही तसंच. तो 210 दिवसांनी येतो, त्यामुळे 'दरवर्षी याच महिन्यात' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजयपुरम) प्रवाळाचा तुकडा आणि शंख घ्यायचाय. दुकानदार म्हणतो, मेलेलं प्रवाळ चालतं, बिलही देतो. (राजारामपुरी)

प्रवाळ घेऊ नका. मेलेलं नाही, तुटलेलं नाही, अंगठ्याएवढंही नाही. दगडासारखं दिसतं तरी तो असंख्य बारीक जिवांनी रचलेला सांगाडा आहे. गोलसर, घट्ट जातीचं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं, म्हणजे नारळाएवढा गोळा व्हायला दहा-पंधरा वर्षं सहज जातात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं खडक बांधणाऱ्या प्रवाळाला वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत ठेवलंय, आणि त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. तुम्ही पैसे दिले एवढंच बिलानं सिद्ध होतं. माल कायदेशीर आहे हे नाही. 'समुद्री दगड' म्हणून कुणी काही पुढे केलं तर पृष्ठभाग जवळून बघा: खेटून बसलेले चांदणीसारखे खळगे दिसले की ते प्रवाळ.

शंखांचं जरा गुंतागुंतीचं आहे. काही जाती विकायला परवानगी आहे, काहींना पूर्ण बंदी, आणि घासून पॉलिश केल्यावर जात ओळखणं तुमच्या-माझ्या आवाक्यातलं नाही. घ्यायचाच तर सरकारी सागरिका एम्पोरियममधून किंवा परवानाधारकाकडून घ्या, बिलावर जातीचं नाव लिहून घ्या आणि वनखात्याच्या कार्यालयात खात्री करा. किनाऱ्यावरचा रिकामा शंखही उचलू नका, संन्यासी खेकड्याला घर म्हणून तोच लागतो. आधीच घेतलं असेल तर कुरिअरनं पाठवण्याची युक्ती करू नका. आजच वनखात्याला विचारा, विमानतळावरच्या रांगेत उभं राहिल्यावर नको. कासवाच्या पाठीच्या कंगव्यालाही हेच लागू.

हातानं काढलेलं बाटिक (मेणानं नक्षी काढून रंगवलेलं कापड) कसं ओळखायचं? (मंगळवार पेठ)

कोल्हापूरच्या चप्पल लाईनला चप्पल उलटी करून वादीची शिलाई बघता ना, तसं कापड उलटं करा. मेणाच्या बाटिकमध्ये रंग आरपार मुरतो, मागची बाजू जवळपास तितकीच गडद दिसते. छापील कापड मागून फिकं असतं. मग रेघ बघा. हातानं काढलेली कुठे जाड, कुठे बारीक होते. तांब्याच्या ठशाची नक्षी ठरावीक अंतरावर हुबेहूब परत येते. ठशाचं काम खोटं नाही, पण त्याला हातकामाचा दर लावणं ही लबाडी. धुताना गार पाणी आणि रिठा, वाळत घालताना सावली.

बालीहून आणलेला लाकडी मुखवटा दोन महिन्यांत तडकला. (उचगाव)

ओल्या लाकडात कोरलेला होता. आकाराच्या मानानं जड लागणारी वस्तू घेऊ नका. घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे वर्तमानपत्रात गुंडाळून पंख्यापासून आणि उन्हापासून लांब ठेवा, म्हणजे हळू सुकेल. टाचणीएवढी भोकं आणि ताजा भुसा दिसला तर कीड जिवंत आहे. मुखवटा बाकीच्या लाकडी सामानापासून वेगळा काढा आणि कीडनियंत्रणवाल्याला दाखवा.