‘नक्की ना?’ला किती वेळा ‘हो’ म्हणायचं?

“मॅडम, यांच्याच्याने साधा फ्रिज घेववत नाही. दुकानात जातो आणि हात हलवत परत येतो. घरी आलं की मलाच विचारणं, ‘तोच बरा ना? नक्की ना?’ मी हो म्हणते. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. आणखी किती समजावू?”

नवरा शेजारीच बसला होता. चाळिशीतला, बँकेत नोकरी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्याच्या वहीत लिटर, स्टार, कॉम्प्रेसरची वॉरंटी, सगळं टिपलेलं. मी विचारलं, “एवढी माहिती काढल्यावर शंका कमी झाली की वाढली?”

“वाढली.”

चोखंदळ माणूसही चार दुकानं हिंडतो, पण माहिती मिळाली की त्याचं मन एका बाजूला झुकतं. इथे उलटं होत होतं. खोदून विचारलं तेव्हा भीती बाहेर आली: फ्रिज बिघडला, अन्न नासलं, मुलांना बाधा झाली, तर दोष माझा. रात्री गॅसचा नॉबही तो पुन्हा पुन्हा बघायचा. मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, निदान ओसीडीचं, म्हणजे मंत्रचळाचं झालं: नको ते विचार परत परत येतात आणि माणूस तपासत, विचारत राहतो. औषध सुरू झालं.

नेदरलँड्समधल्या संशोधकांचा 2003 सालचा एक प्रयोग मी त्यांना सांगितला. लोकांना संगणकाच्या पडद्यावरची आभासी गॅसशेगडी पुन्हा पुन्हा तपासायला लावली. त्यांची आठवण फारशी चुकली नाही, तिच्यावरचा विश्वास मात्र घसरला. ही माणसं ओसीडीची रुग्ण नव्हती, हे विशेष.

बायकोचं ‘हो’ म्हणजेही एक तपासणीच. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, म्हणूनच प्रश्न परत येतो. तिघांनी मिळून ठरवलं की यापुढे तिने एवढंच म्हणायचं, “त्रास होतोय हे दिसतंय, पण खात्री मी देणार नाही.” हे नवऱ्याला मान्य असणं फार गरजेचं, नाहीतर तो नुसता अबोला होतो. तिला सुरुवातीला फार निष्ठुर वाटलं.

त्याने सुरुवात टूथब्रशपासून केली. रिव्ह्यू न वाचता उचलायचा, घरी आल्यावर कुणाला विचारायचं नाही, होणारी तगमग तशीच राहू द्यायची. मग शर्ट, मग मिक्सर. या उपचाराला ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) म्हणतात, म्हणजे भीतीला सामोरं जायचं, पण तपासायचं-विचारायचं नाही. तो प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली, पायरीपायरीनेच करावा. घरच्यांनी एकदम सगळी उत्तरं बंद करू नयेत.

फ्रिज आला. “दुसरा बरा होता का गं?” हे अजून अधूनमधून निघतं. ती म्हणते, “असेल.” पुढच्या भेटीत मुलीच्या शाळेचा विषय घ्यायचाय. तिथे तिलाही खात्री हवी आहे, त्यामुळे जरा अवघड जाणार.