घरी भाज्या लावल्या तर मुलं खरंच खायला लागतात का?

तुमची पाच वर्षांची मुलगी बटाट्याखेरीज एकाही भाजीला हात लावत नाही, आणि गॅलरीत दोन-चार कुंड्या ठेवून फरक पडेल का, असं तुम्ही विचारलंय. पडतो. अट एकच: त्या कुंडीत जे येईल ते तिचं. कधी तोडायचं, खायचं की नाही, कुणाला द्यायचं, सगळं तिनं ठरवायचं. घरातल्या मोठ्यांना ही अट फार जड जाते आणि बहुतेक घरांत गाडी तिथंच अडते. आमच्याकडे अडली होती, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

माझा मुलगा सहा वर्षांचा होता तेव्हा ताटात हिरवं काही दिसलं की ताटच लांब सरकवायचा. मी त्याला वाटाणे लावायला दिले. बी चांगलं मोठं असतं, लहान बोटांत नीट धरता येतं, आणि रात्रभर भिजवून लावलं की आठवड्या-दीड आठवड्यात कोंब वर येतो. त्याहून जास्त थांबायचा धीर या वयाला नसतो. सुतळीची जाळी आम्ही दोघांनी मिळून बांधली. वेलीचा तणावा दोरीला वेढा कसा घालतो हे बघायला तो शाळेतून आला की पाठीवरचं दप्तरही न काढता गॅलरीत जायचा. शेंगा भरायला लागल्या तरी मी खाण्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

एका संध्याकाळी बघते तर हा कुंडीशी उकिडवा बसलेला. शेंग उजेडाकडे धरून आतले दाणे मोजत होता. मग अंगठ्यानं कड दाबून शेंग फोडली आणि एकेक दाणा तोंडात टाकला. सालही चावून बघितली, थुंकली, आणि दुसरी शेंग तोडली. मी आवाज न करता आत निघून आले. त्या आठवड्यात तो रोज शेंगा खात होता आणि मी त्याला शाबासकीसुद्धा दिली नाही. मुद्दामच.

यात जादू काही नाही. वाटाणा वेलीवरून तोडला की त्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो, म्हणून दोन दिवसांपूर्वी तोडलेला वाटाणा आणि आत्ता तोडलेला वाटाणा यांच्या चवीत मोठा फरक असतो. लहान मुलांना कडू चव आपल्यापेक्षा जास्त जाणवते. ती नाटकं करत नसतात, त्यांना ते खरंच कडू लागतं.

मग माझी मोठी बहीण राहायला आली. तिच्या घरी ताट स्वच्छ झाल्याशिवाय उठायचं नाही, हा नियम. तिनं कुणाला न विचारता उरलेल्या सगळ्या शेंगा तोडल्या, सोलल्या, शिजवल्या आणि वाटी त्याच्यापुढं ठेवली. “तुझ्याच वेलीचे आहेत, आता सगळे संपवायचे. संपवलेस तर आइस्क्रीम देईन.” त्यानं वाटीकडं बघितलं, गॅलरीकडं बघितलं आणि विचारलं, “माझ्या शेंगा कुणी तोडल्या?” एक दाणा खाल्ला नाही. दुसऱ्या दिवसापासून पाणी घालणं बंद. पुढच्या हंगामात मी बी भिजवायला काढलं तेव्हा म्हणाला, “तूच लाव. मावशी येऊन तोडणार.” तो पुन्हा कुंडीकडं वळला तो छोट्या टोमॅटोच्या रोपामुळं, आणि तेही कुंडीवर स्वतःचं नाव रंगवून घेतल्यावर.

ताई आजही म्हणते की मी त्याला लाडावून ठेवलं, मूल उपाशी राहिलं की सगळं खातं, आपल्याला आईनं असंच वाढवलं. ताई, तुलाही आईनं पालक समोर ठेवून तासन् तास बसवलं होतं आणि तू आजतागायत पालक खात नाहीस. याचं उत्तर तू मला कधीच दिलेलं नाहीस.

आमिषाबद्दल तर संशोधनही झालंय. मुलांच्या खाण्याचा अभ्यास करणाऱ्या संशोधक लिअॅन बर्च यांनी १९८४ साली सहकाऱ्यांबरोबर केलेल्या प्रयोगात मुलांना एक पेय प्यायल्याबद्दल बक्षीस दिलं, तर नंतर त्या मुलांची त्या पेयाची आवड घटली. उलट लंडनच्या जेन वॉर्डल आणि सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आईवडिलांनी नावडती भाजी १४ दिवस रोज नुसती चाखायला दिली, आणि मुलांची आवडही वाढली, खाणंही वाढलं. घरच्या कुंडीचा खरा फायदा इथं आहे. भाजी रोज डोळ्यांसमोर असते, हात लागतो, वास येतो, आणि खायची सक्ती नसते. बहुतेक मुलांमध्ये नव्या पदार्थाची भीती दोन ते सहा या वयात सगळ्यात जास्त असते, त्यामुळे तुमची मुलगी अगदी ऐन वयात आहे. घाबरू नका.

काय लावावं? हवा थंड असेल तर वाटाणाच. उकाड्यात त्याची फुलं गळतात, तेव्हा लावू नका. दिवसातून सहा तास ऊन येत असेल तर छोटे टोमॅटो, पण रोप आणूनच लावा. बियांपासून सुरुवात केलीत तर फळ दिसेपर्यंत तिचा रस संपेल. मुळा चार आठवड्यांत तयार होतो म्हणून सगळे तोच सुचवतात. माझं मत उलटं आहे. उन्हाळ्यातला मुळा झोंबतो, आणि पहिलाच घास झोंबला की मूल महिनाभर जवळ येत नाही. पालेभाज्या नंतर. माव्यावर, म्हणजे पाल्याचा रस शोषणाऱ्या बारीक किडीवर, विषारी फवारा मारू नका, पाण्याचा जोराचा फवारा पुरतो.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. छोटा टोमॅटो पाच वर्षांच्या मुलाला अख्खा देऊ नका, घशात अडकतो. उभे चार तुकडे करा. वाटाणा कच्चा चालतो, पण घेवडा, राजमा यांच्या शेंगा आणि दाणे कच्चे खाऊ देऊ नका. काकडी किंवा दुधी कडू लागला तर लगेच थुंकायला शिकवा. टोमॅटोचा पालाही तोंडात घालायचा नाही. भिंतीवरच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो जिथं गळतो तिथली माती वापरू नका. आणि स्टिकरसारख्या छोट्या बक्षिसानं मुलं चाखायला तयार होतात, असंही नंतरच्या काही अभ्यासांत दिसलंय, तेव्हा कुणी तसं करत असेल तर मी भांडायला येणार नाही. गोडाचं आमिष मात्र नको.

दोन-तीन कुंड्यांनी घराची भाजी भागत नाही आणि मूल सगळंच खायला लागेल असंही नाही. माझा मुलगा आता कॉलेजात आहे, स्वतः भाजी आणतो, स्वतः शिजवतो, पण बीट अजूनही खात नाही. मी कधी आग्रह केलेला नाही. ताई आली की अजूनही करते.