पीठ आंबतं, की त्याचं किण्वन होतं?

पुण्यातल्या एका पालकांनी विचारलं आहे: "मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'किण्वन' आहे, घरी आपण 'आंबवणं' म्हणतो. दोन्ही एकच का? आणि 'विनॉक्सिश्वसन' म्हणजे किण्वनच ना?"

पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा हो. दुसऱ्याचं, म्हणजे ऑक्सिजनविना चालणाऱ्या श्वसनाचं, शाळेपुरतं हो.

'आंबणे' संस्कृत 'अम्ल'च्या घराण्यातला. आंबट, आंबील ही त्याचीच भावंडं. म्हणजे हा शब्द परिणाम सांगतो: चव आंबट झाली. 'किण्वन' क्रिया सांगतो, चवीशी त्याला देणंघेणं नाही. द्राक्षरसाची वाइन होताना साखरेचं आम्ल नव्हे, अल्कोहोल होतं, म्हणून तिथे किण्वनच नेमकं बसतं. 'किण्व' म्हणजे मद्य करताना घालायचं बीज. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या, म्हणजे मद्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, प्रकरणात ते बांधायची कृतीच दिली आहे: एक द्रोण (जुनं मोठं माप) वाटलेले उडीद, कच्चे किंवा शिजवलेले, त्याहून तिसऱ्या हिश्श्याने जास्त तांदूळ, आणि मोरट वगैरे वनस्पती कर्षभर (कर्ष हे जुनं छोटं वजन). उडीद-तांदळाची ही जोडी वाचून इडलीवाल्यांनी दचकू नये.

आता क्रिया. पेशी ग्लुकोजचा सहा कार्बनांचा रेणू तोडून पायरुविक आम्लाचे दोन रेणू करते. याला ग्लुकोज-विघटन म्हणतात. ते पेशीद्रव्यात होतं, ऑक्सिजन लागत नाही, आणि पदरात निव्वळ २ एटीपी, म्हणजे पेशीच्या ऊर्जेचं चलन असलेले रेणू, पडतात. तोडताना निघालेले इलेक्ट्रॉन एनएडी नावाचा वाहक उचलतो. खरी गोम इथे आहे. पेशीत हे वाहक मोजकेच असतात. ते रिकामे झाले नाहीत तर विघटन ठप्प होतं, मग साखर कितीही असो. ऑक्सिजन असेल तर वाहकावरचा हा भार तंतुकणिकेतल्या (पेशीतल्या ऊर्जाघरातल्या) इलेक्ट्रॉन-वहनसाखळीतून शेवटी ऑक्सिजनवर जातो, पाणी तयार होतं, आणि एका ग्लुकोजमागे एकूण ३० ते ३२ एटीपी मिळतात (जुन्या पुस्तकांतला ३८ हा कागदावरचा कमाल हिशेब). हे श्वसन. किण्वनात तोच भार पायरुविक आम्लावर किंवा त्यापासून झालेल्या पदार्थावर उतरवतात. वाहक मोकळा होतो, पण कमाई २ वरच थांबते.

भार कुठे उतरला, यावर पदार्थ ठरतो. दह्यातले जीवाणू तो थेट पायरुविक आम्लावर टाकतात, लॅक्टिक आम्ल होतं, वायू जवळजवळ सुटत नाही. म्हणून दूध 'विरजतं', फुगत नाही. दह्यात बुडबुडे आणि उग्र वास आला तर विरजणात दुसरंच काही शिरलं समजावं. इडलीच्या पिठात ल्युकोनोस्टॉक जातीचे जीवाणू आम्लाबरोबर कार्बन डायऑक्साइडही सोडतात, म्हणून पीठ आंबतंही आणि फुगतंही. पुण्यात जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांकडे झुकला की पीठ ढिम्म राहतं. जीवाणू मेलेले नसतात, मंदावलेले असतात; ऊब आणि वेळ द्यावा, सोडा नव्हे. यीस्ट मात्र आम्लाच्या वाटेला फारसं जात नाही: १८० ग्रॅम ग्लुकोजचे हिशेबाने ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. त्यामुळे पावाची कणीक 'फुगली' म्हणावं. ती 'आंबली' तर बेकरीवाल्याच्या कपाळावर आठी पडेल.

'हवेविना ते किण्वन' ही व्याख्या मला पटत नाही. साखर भरपूर असेल तर बेकरीचं यीस्ट हवा असूनही किण्वनच करतं. उलट, पाणी साचलेल्या शेतात काही जीवाणू इलेक्ट्रॉन नायट्रेटला देतात आणि जमिनीतलं नत्र वायू होऊन उडतं. तिथे ऑक्सिजन नाही, पण वहनसाखळी आहे. ते खरं विनॉक्सिश्वसन. शालेय पुस्तक दोन्ही एका दावणीला बांधतं. परीक्षेत तसंच लिहावं, पुढे गाठ सोडावी. आणि व्हिनेगर? अल्कोहोलचं ॲसेटिक आम्ल करणाऱ्या जीवाणूंना हवा लागतेच, तरी कारखान्यात त्यालाही किण्वनच म्हणतात. रूढीपुढे व्याख्येचं चालत नाही.

जाता जाता: नाकाने चालतो तो श्वासोच्छ्वास, पेशीत चालतं ते श्वसन. 'झाडं रात्री श्वासोच्छ्वास करतात' हे दोन्ही बाजूंनी चूक; ती श्वसन करतात, आणि दिवसाही.

'अंग आंबलं' या प्रयोगाचंही विचारतात. सिंहगड चढताना स्नायूंत लॅक्टिक आम्ल वाढतं हे खरं, पण थांबल्यावर ते तास-दीड तासात निवळतं. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंबलतात त्या तंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे, आणि त्या इजा चढण्यापेक्षा उतरताना जास्त होतात. वाक्प्रचार बिनधास्त वापरावा. त्यातलं आंबणं मात्र पिठातलं नव्हे.