आयसीयूत सलाईन मोजून का देतात? नवं संशोधन आपल्या डॉक्टरांपर्यंत पोचतं का?

तुम्ही विचारलंय की, पुतणी तापात शॉकमध्ये (म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त पोचत नाही अशा अवस्थेत) गेली तेव्हा आयसीयूतल्या डॉक्टरांनी सलाईन थोडं थोडं दिलं, मधेच थांबवलं. हा हात आखडता घेणं होतं का? आणि नवं संशोधन आपल्याकडे पोचतं का? मी लहान मुलांच्या आयसीयूत काम करतो, तिथेच शिकवतोही. तिचे कागद पाहिल्याशिवाय तिच्याबद्दल बोलणार नाही. पण मोजून देणं आणि वेळेवर थांबणं हीच आजची पद्धत आहे, आणि त्यामागे फार मोठी किंमत मोजलेली आहे.

आधी जगभर एकच शिकवण होती: शॉक दिसला की वजनाच्या किलोमागे २० मिली सलाईन भरभर सोडा, गरज पडली तर पुन्हा. २०११ साली ‘फीस्ट’ हा अभ्यास आला. युगांडा, केनिया, टांझानियातली ३,१४१ मुलं. ताप, गार हातपाय, धाप किंवा हरपत चाललेली शुद्ध. भरभर सलाईन दिलेल्या मुलांपैकी १०.५ टक्के ४८ तासांत दगावली, तसं न दिलेल्यांपैकी ७.३ टक्के. अभ्यास मधेच थांबवावा लागला. पुढच्या विश्लेषणात दिसलं की हे जादा मृत्यू मुख्यतः रक्ताभिसरण कोसळून झाले होते, फुप्फुसात पाणी भरून नव्हे.

पण यावरून ‘सलाईन वाईट’ असं म्हणू नका. जुलाबांनी सुकलेली आणि तीव्र कुपोषित मुलं त्या अभ्यासात नव्हती. त्या रुग्णालयांत व्हेंटिलेटरची सोयही नव्हती. म्हणून सेप्सिस (जंतुसंसर्गामुळे अवयव बिघडू लागणं) झालेल्या मुलांसाठी २०२० साली आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आधी तुम्ही कुठे आहात ते बघतात. आयसीयू हाताशी असेल तर पहिल्या तासात किलोमागे एकूण ४० ते ६० मिलीपर्यंत, तेही १०-२० मिलीच्या टप्प्यांनी, आणि जादा होतंय असं दिसताच बंद. आयसीयू नसेल आणि रक्तदाब टिकून असेल, तर भरभर देऊच नका. एकाच मुलासाठी गावातलं आणि शहरातलं उत्तर वेगळं असू शकतं, हे मला फार प्रामाणिक वाटतं.

डेंग्यूचं आणखी निराळं. तिथे रक्तातला द्रव रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतो, सलाईन लागतंच. पण झिरपणं थांबलं की तोच द्रव परत आत येतो, आणि तेव्हाही सलाईन चालू राहिलं तर मूल धापा टाकायला लागतं. म्हणून हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) पुन्हा पुन्हा बघून वेग बदलावा लागतो. नातेवाईक म्हणतात, ‘अहो, बाटली बंद का केली?’ तर यासाठी.

शिकाऊ डॉक्टरांना मी हेच खाटेशी उभं राहून शिकवतो. सलाईनचा टप्पा संपला की पुढचा सुरू करण्याआधी पोटावर बोटं ठेवायची: यकृताची कडा बरगडीखाली उतरली का? पाठीला स्टेथोस्कोप लावायचा: तळाशी चुरचुर ऐकू येते का? या दोन्ही सलाईन जादा झाल्याच्या खुणा. नख दाबून सोडायचं, रंग किती सेकंदांत परततो? यंत्राचा आकडा त्यानंतर.

मोठ्यांच्या आयसीयूतही हाच धडा आहे. २००० साली अमेरिकेतल्या अभ्यासात व्हेंटिलेटरने किलोमागे १२ मिलीऐवजी ६ मिली श्वास दिला, तेव्हा मृत्यू ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. आणि हे किलो काट्यावरचे नाहीत, उंचीवरून काढायचे. पोट सुटलं म्हणून फुप्फुस वाढत नाही. १६५ सेंमी उंचीच्या पुरुषाचं वजन ९० किलो असलं, तरी हिशेब साधारण ६१ किलोंचाच, म्हणजे एका श्वासाला ३७० मिलीच्या आसपास. त्यासाठी खाटेवरच्या माणसाची उंची टेपने मोजावी लागते. दिसायला क्षुल्लक, पण नेमकं हेच राहून जातं.

ढाक्यातल्या संशोधकांचं काम तर मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगतो. न्यूमोनियाच्या मुलांची श्वास सोडायची नळी त्यांनी शाम्पूच्या बाटलीतल्या पाण्यात बुडवली. नळी जितकी खोल, तितका दाब. २०१५ साली छापलेल्या या अभ्यासात साध्या ऑक्सिजनवरची १५ टक्के मुलं दगावली, या बुडबुड्यांच्या सीपॅपवरची (फुप्फुसं उघडी ठेवणाऱ्या सततच्या दाबावरची) ४ टक्के. अर्थात, नजर ठेवणारी प्रशिक्षित माणसं नसतील तर नुसत्या बाटलीचा काही उपयोग नाही.

२०२४ मध्ये मुलांच्या सेप्सिसची व्याख्याही बदलली. नव्या ‘फिनिक्स’ निकषांमागची माहिती अमेरिकेबरोबर बांगलादेश, केनिया, कोलंबिया, चीनमधूनही आली. आपल्यासारख्या वॉर्डांमधली मुलं त्या हिशेबात आहेत, याचं मला मनापासून समाधान आहे.

आता पोचतं का? डॉक्टरांपर्यंत बऱ्यापैकी. क्रिटिकल केअरमध्ये (आयसीयूतल्या उपचारांच्या शास्त्रात) एमडीनंतर तीन वर्षांचा डीएम हा अभ्यासक्रम आहे, आयएससीसीएम ही या क्षेत्रातल्या डॉक्टरांची भारतातली संघटना १९९३ पासून काम करतेय, नवे अभ्यास एकत्र वाचायचे जर्नल क्लब होतात. खरी कमतरता नर्सिंगच्या शिक्षणात आहे. रात्री तीन वाजता सलाईनचा पंप सिस्टरच बघत असतात. त्यांना यकृत कसं तपासायचं हे कुणी शिकवलेलं नसेल, तर माझं वाचन त्या मुलाच्या काय कामाचं? आमच्याकडे राउंडला सिस्टर आधी बोलतात, मग डॉक्टर.

पुन्हा वेळ आलीच, (न येवो), तर ‘किती दिलं’ यापेक्षा ‘दिल्यावर काय बदललं, आणि कधी थांबणार’ असं विचारा. चांगले डॉक्टर याचं उत्तर द्यायला आनंदाने थांबतील.