वाचकांचे प्रश्न : मुलांच्या शिक्षणासाठी धावताना

प्रश्न : जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमधली अर्धमॅरेथॉन धावून वस्तीतल्या मुलांच्या अभ्यासवर्गासाठी ५० हजार रुपये उभे करायचे आहेत. सध्या न थांबता ५ किलोमीटर पळता येतं. सुरुवात कशी करू? – एक वाचक, ठाणे

उत्तर : प्रवेश शुल्क म्हणजे देणगी नव्हे, ते स्पर्धेच्या आयोजनासाठी असतं. देणगी वेगळी मागावी लागते. या स्पर्धेतल्या देणग्यांचं काम ‘युनायटेड वे मुंबई’ ही सेवाभावी संस्था पाहते. तिच्याकडे नोंदवलेल्या संस्थांमधून मुलांसोबत काम करणारी एक निवडा आणि तिची देणगीची लिंक घ्या.

पैसे स्वतःच्या यूपीआयवर अजिबात घेऊ नका. तुम्ही ते एकरकमी भरलेत की पावती तुमच्या नावाने निघते, देणाऱ्याची करसवलत जाते आणि हिशोबाची कुजबुज सुरू होते. लिंकवर देताना पॅन भरायला सांगा. ८०जीची (म्हणजे देणगीवरची आयकर) सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते आणि रोख २,००० रुपयांच्या वर दिले तर मिळत नाही, हेही आधीच सांगा.

५० जणांनी ५०० आणि २५ जणांनी १,००० दिले की ५० हजार होतात. पण ‘हो, देतो’ म्हणणारे बरेच जण विसरतात, म्हणून दीडशे जणांची यादी करा. ग्रुपवर टाकलेला मेसेज कुणालाच आपल्यासाठी वाटत नाही. प्रत्येकाला नावाने लिहा : ‘काका, १८ जानेवारीला २१ किलोमीटर धावतोय. अभ्यासवर्गातल्या मुलांच्या वह्यापुस्तकांसाठी तुम्ही ५०० रुपये द्याल का? लिंक खाली आहे.’ तारीख त्या वर्षीची घाला. स्पर्धा सहसा जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. वह्यांचा खर्च संस्थेला विचारूनच लिहा. आठवण एकदा दिवाळीनंतर, एकदा शर्यतीच्या आठवड्यात आणि शेवटची धावून झाल्यावर, पदकाच्या फोटोसह. या शेवटच्या मेसेजला सुस्त मंडळीही उत्तर देतात.

मुलांचे चेहरे, नावं किंवा ‘बिचारी’ असे शब्द मात्र कुठेही नकोत. ती उद्या मोठी होतील आणि तो फोटो तोवर फिरत राहील. वर्गाच्या कपाटाचा, पुस्तकांचा फोटो पुरेसा बोलका असतो.

सरावाला १४ आठवडे हवेत. आठवड्यातून तीन दिवस पळा, त्यातला एक दिवस लांब पल्ल्याचा. हा पल्ला ६ किलोमीटरपासून दर आठवड्याला साधारण दीड किलोमीटरने वाढवा, दर चौथ्या आठवड्याला कमी करा आणि शर्यतीच्या तीन आठवडे आधी १८पर्यंत न्या. नंतर हळूहळू उतरवा. एकदम वाढवलंत तर नडगी दुखू लागते. दुखणं टोकासारखं एका जागी बोचत असेल तर पळणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. मुंबईच्या दमट हवेत घामाबरोबर मीठही जातं, तेव्हा लांब पल्ल्यात साध्या पाण्यासोबत इलेक्ट्रॉलही घ्या. शर्यतीला नवे बूट नकोत.

प्रश्न : अशाच देणगीसाठी अमेरिकेतला चुलतभाऊ पैसे पाठवू म्हणतो. चालेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : पासपोर्ट कुठला, ते आधी विचारा. भारतीय असेल तर तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत संस्थेच्या नेहमीच्या खात्यात देऊ शकतो. अमेरिकी असेल, अगदी ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, ती विदेशी देणगी ठरते. मग संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या खात्यातच यायला हवेत. तुमच्या खात्यावर मागवून पुढे वळते करू नका. त्यात संस्थाही अडचणीत येते.