पत्राचा मायना गाळू नकोस

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

मालवणहून काकांनी पाठवलेल्या पणजोबांच्या पत्रांची सुरुवात सगळीकडे सारखीच आहे, तेव्हा स्कॅन करताना तेवढा भाग गाळला तर चालेल का, असे तू विचारले होतेस. चालणार नाही, माझ्या मते आपल्या घराचा बराचसा इतिहास त्या ठरावीक ओळींतच आहे.

पणजोबा मुंबईला गिरणीत होते आणि पत्र नेहमी आपल्या वडिलांच्या नावे लिहीत: 'ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.', म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. आलेले पत्र ओटीवर सर्वांसमोर मोठ्याने वाचले जाई, त्यामुळे पणजीला वेगळे चार शब्द लिहिणे त्या काळच्या रीतीत बसत नसे, आणि तिची चौकशी त्यांना मुलांच्या खोकल्याच्या नि म्हशीच्या दुधाच्या आडून करावी लागे. पणजीला लिहिता येत नव्हते. तिची उत्तरे शेजारच्या मास्तरांच्या अक्षरात आहेत, म्हणूनच घरात मालवणी बोलणारी ती बाई पत्रात इतकी पुस्तकी वाटते.

आता मायने ओळीने लावून बघ. काही काळ 'ती. बाबांस' आणि शेवटी 'ती. सौ. आईस नमस्कार' असे आहे. पुढे एकाएकी पत्र 'ती. दादांस' जाते आणि आई 'गं. भा.' होते. बाबा गेल्याचे पत्र मात्र गठ्ठ्यात मिळणार नाही, कारण अशुभ बातमीच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे आणि वाचून झाल्यावर ते फाडून टाकत, घरात ठेवत नसत. नवरा गेला की बाईची उपाधी बदलण्याची ती रीत मला मुळीच आवडत नाही, पण आपल्याकडे त्या मृत्यूची लेखी खूण एवढी एकच आहे.

पणजोबा तिथी लिहीत, साल क्वचितच. त्यामुळे पत्त्याची बाजूही स्कॅन कर. निळसर अंतर्देशीय पत्र असेल तर ते १९५० च्या आधीचे नाही, कारण ते त्या साली सुरू झाले. पत्त्यात पिन कोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे, आणि 'जि. सिंधुदुर्ग' असेल तर १ मे १९८१ नंतरचे. त्याआधी मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होते. 'बोटी सुरू झाल्या की येतो' असे वाक्य आले, तर ते पावसाळ्यातले समज, कारण त्या दिवसांत किनाऱ्यावरच्या आगबोटी बंद असत. मनिऑर्डरीच्या फॉर्मचे खालचे तुकडे टाकू नकोस; पैसे पाठवणाऱ्याचा निरोप त्यावरच असे, आणि कोकणातली कितीतरी घरे त्या मनिऑर्डरींवर चालली.

कागदांना मधोमध भोक दिसते ते तारेचे आहे. पूर्वी पत्रे तारेत ओवून खुंटीला टांगत, आणि कोकणच्या दमट हवेत ती तार गंजून भोवतीचा कागद खाते. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नकोस, लॅमिनेशन तर नकोच. तारेतला उरलेला गठ्ठा काकांना मृगाआधी सोडवायला सांग, आणि पत्रे आज ज्या क्रमाने ओवलेली आहेत त्या क्रमाने त्यांवर पेन्सिलीने आकडे घालायला सांग.

तुझे,
बाबा